अण्णांची सही मराठीत, पॉलिसी इंग्रजीत

आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन २०२३च्या पावसाळ्यात मिरजेत झालं. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिली आणि दुपारी तीनपर्यंत आम्ही बिलाच्या खिडकीसमोर बसून होतो. कॅशलेस होतं, म्हणून अण्णा निवांत होते. पिशवीत आईचे रिपोर्ट नीट लावलेले, सगळ्यात वर विम्याचं कार्ड. खिडकीतल्या मुलीने कागद सरकवला. बिल १ लाख ३८ हजार, कंपनीने मंजूर केलेले ६५ हजार, उरलेले ७३ हजार आत्ता भरायचे. अण्णांनी कागद उलटा करून पाहिला, मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून. "पण आपला विमा तीन लाखांचा आहे ना गं?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. त्यांचं कार्ड, माझं कार्ड, आणि तरीही कमी पडलेले नऊ हजार वहिनीने फोनवरून पाठवले, तेव्हा आईला गाडीत बसवता आलं.

त्या रात्री मी पॉलिसी पहिल्यांदा उघडली. बारीक टायपातलं इंग्रजी, चाळीसेक पानं. मी इंग्रजी शिकवते, तरी मला तीन तास लागले. उत्तर एका ओळीत होतं : खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का. तीन लाखांचा एक टक्का म्हणजे दिवसाला तीन हजार. आईला जी खोली मिळाली होती तिचं भाडं सहा हजार. मला वाटलं, ठीक आहे, दिवसाला तीन हजार जास्तीचे आपण भरू, चार दिवसांचे बारा हजार. पण तसं नसतं. खोलीचं भाडं मर्यादेच्या दुप्पट झालं, तर त्या खोलीच्या दर्जाला बांधलेला सगळा खर्च कंपनी निम्म्यावर आणते. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं. आईच्या बिलात हा खर्च ऐंशी हजारांचा होता, त्याचे चाळीस झाले. हातमोजे, सुया, मास्क असल्या वस्तूंचे आठ हजार तर मुळातच मिळणार नव्हते.

ही मर्यादा नसलेली दुसरी पॉलिसी त्या वर्षी एकोणीसशे रुपयांनी महाग होती. अण्णांनी स्वस्त निवडली. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाने दुसरं काय करायचं?

मला सगळ्यात जास्त लागली ती गोष्ट मात्र शेवटच्या पानांत होती. पॉलिसीला प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विम्यासाठी भरलेल्या अर्जाची, प्रत जोडलेली असते. त्यावर अण्णांची ती लपेटदार मराठी सही होती. आणि तिच्या खाली इंग्रजीत एक छापील निवेदन होतं, ज्याचा अर्थ असा, की या फॉर्ममधला मजकूर मी अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला आहे आणि तो त्याला समजला आहे. त्याखाली आणखी एक सही. ती कोणाची, हे अण्णांना आजही माहीत नाही. समजावून कोणीही सांगितलं नव्हतं. एजंट आमच्या ओळखीतले, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसणारे. त्यांनी पेन्सिलीने तीन ठिकाणी फुल्या करून दिल्या आणि अण्णांनी तिथे सह्या केल्या.

विम्याचा खर्च कमी कसा करायचा, यावर सल्ले भरपूर मिळतात. बहुतेक सल्ल्यांचा मथितार्थ एकच : चार कंपन्यांचे हप्ते शेजारी मांडा आणि सगळ्यात कमी असेल तो घ्या. माझं म्हणणं याच्या उलट आहे. आपल्याकडे विमा महाग पडतो तो मुख्यतः न समजता घेतल्यामुळे, आणि न समजण्याचा दोष ग्राहकाचा नाही. ज्या भाषेत माणूस जमिनीचा सातबारा वाचतो, मुलांच्या शाळेचा दाखला वाचतो, देवळाच्या वर्गणीची पावती वाचतो, त्या भाषेत त्याच्या आयुष्यातला सर्वांत गुंतागुंतीचा करार मागितल्याशिवाय त्याच्या हातात पडत नाही. हप्ता कमी करण्याचे सगळे मार्ग या दारातून जातात.

आईच्या क्लेमचंच पुढे सांगते. ६५ हजारांचा हिशेब मी ओळीने मांडला तेव्हा दिसलं, की कंपनीने औषधं आणि तपासण्यांचे २६ हजारसुद्धा निम्मे केले होते. विमा नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, २०२० सालच्या नियमांनुसार खोलीभाड्यामुळे होणारी ही प्रमाणशीर कपात औषधांवर, तपासण्यांवर आणि शरीरात बसवायच्या इम्प्लांटवर करता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या भाड्यालाही ती लागत नाही. आणखी एक तरतूद आहे, ती तर फारच थोड्यांना ठाऊक असते. जे रुग्णालय खोलीच्या दर्जाप्रमाणे सर्जनच्या फीचे वेगवेगळे दर लावत नाही, तिथे ही कपात करताच येत नाही. म्हणजे जनरल वॉर्ड असो की स्वतंत्र खोली, ऑपरेशनचा दर एकच असेल, तर रुग्णालयाकडून तसं लेटरहेडवर लिहून घ्यायचं आणि क्लेमला जोडायचं. आमच्या रुग्णालयाचे दर वेगवेगळे होते, त्यामुळे ते चाळीस हजार गेले ते गेलेच. पण औषधं-तपासण्यांचे १३ हजार मी नियमाचा हवाला देऊन कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी मागितले आणि पाच आठवड्यांनी ते खात्यात जमा झाले. एका कागदाच्या वाचनाचे तेरा हजार. हप्त्यात वाचवलेल्या एकोणीसशे रुपयांशेजारी हा आकडा ठेवून बघा.

मग मी इतरांच्या पॉलिसी वाचायला लागले. आधी शाळेतल्या सहकाऱ्यांच्या, मग त्यांच्या नातेवाइकांच्या. दोन वर्षांत शंभरच्या आसपास तरी वाचल्या असतील. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : घरात विम्यावर पैसा जातो भरपूर, पण ज्या संकटाने घर बसेल त्या संकटावर जातो थोडा.

एका सहकाऱ्याचं उदाहरण घेऊ. वय तिशीत, घरात बायको, एक मूल, आईवडील. वर्षाला पंचवीस हजारांचा हप्ता, वीस वर्षांची बचतीची पॉलिसी, विमा रक्कम पाच लाख. मार्च महिन्यात कर वाचवायचा म्हणून आणि एजंट मेहुण्याचा मित्र म्हणून, म्हणजे अर्धी गरजेपोटी, अर्धी भिडेपोटी घेतलेली. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं, तर पाच लाख आणि तोवर जमलेला बोनस येईल. घराचं कर्जच अठरा लाखांचं आहे. आणि काही झालं नाही, तर वीस वर्षांनी मिळणारा परतावा या प्रकारच्या पॉलिसीत साधारण पाच टक्क्यांच्या आसपास पडतो. पाच टक्के धरले तर हातात येतील ८ लाख ६८ हजार. आता हेच पंचवीस हजार दोन भागांत मोडा. वीस हजार पीपीएफमध्ये, जिथे एप्रिल २०२०पासून व्याजाचा दर ७.१ टक्के आहे. तो तसाच राहिला, तर पंधरा वर्षं आणि पाच वर्षांची मुदतवाढ मिळून ८ लाख ८८ हजार होतात. उरलेल्या पाच हजारांत निव्वळ मुदतीचा विमा, ज्याला टर्म इन्शुरन्स म्हणतात. तिशीतल्या निरोगी, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला त्या पैशांत पाच लाखांच्या कित्येक पट संरक्षण मिळतं. पैसे तेवढेच, शिल्लक थोडी जास्तच, आणि मागे राहिलेल्यांना घराचं कर्ज फेडता येईल एवढी रक्कम.

"पण टर्ममध्ये पैसे परत मिळत नाहीत ना?" हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारतात, आणि तो मूर्खपणाचा आहे असं मला कधीच वाटलं नाही. ज्यांनी एकेक रुपया घामाने मिळवला, त्यांना पैसा असा जाऊ देणं जड जातंच. मी त्यांना द्राक्षबागेची राखण आठवायला सांगते. आमच्या तासगाव भागात माल तयार झाला की बागेत माणूस झोपवतात, त्याला पगार देतात. चोरी झाली नाही म्हणून हंगामाच्या शेवटी त्याच्याकडून पगार परत कोणी मागत नाही. टर्मचा हप्ता म्हणजे तो पगार आहे. इतकं सांगितल्यावर बहुतेकांना पटतं. सगळ्यांना नाही.

कर वाचवण्याचं कारणही आता तपासून पाहायला हवं. नव्या करप्रणालीत विम्याच्या हप्त्यांवरची, म्हणजे ८०सी किंवा ८०डी या नावाने ओळखली जाणारी, वजावट मिळत नाही. आणि आता काहीच कळवलं नाही तर तीच प्रणाली लागू होते. ज्यांनी ती पत्करली आहे, त्यांनी मार्च महिन्यात घाईने पॉलिसी घेण्याला काही अर्थ उरलेला नाही.

जिथे पैसा कमी आहे तिथे पहिली पायरी फार स्वस्त आहे आणि ती बँकेतच असते. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा मिळतो, १८ ते ५० वयात त्यात शिरता येतं. सुरक्षा विमा योजनेत २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा, ७० वर्षांपर्यंत. मेच्या अखेरीस खात्यातून पैसे कापले जातात. घरातल्या लोकांची यादी करून प्रत्येकाच्या पासबुकात ही कपात दिसते का ते बघा. दोन बँकांतून कापली जात असेल तर एक बंद करा, कारण विमा एकदाच मिळतो. आणि घरच्यांना सांगून ठेवा. नवरा गेल्यावर खात्यातून कापलेले ते ४३६ रुपये कशाचे होते हेच बायकोला माहीत नसल्याने न मागितलेले दोन लाख मी पाहिले आहेत.

छोटे व्यापारी आणि धंद्यासाठी कर्ज काढणारे यांच्यासाठी एक जुना कायदा आहे, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा, १८७४ सालचा. त्या कायद्याखाली नवऱ्याने बायको-मुलांच्या नावे जीवन विमा घेतला, तर ती रक्कम त्यांच्यासाठीची विश्वस्त ठेव बनते आणि नवऱ्याच्या सावकारांना त्यावर सहसा हात टाकता येत नाही. यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही. फक्त पॉलिसी घेतानाच तो पर्याय निवडून अर्ज भरावा लागतो, नंतर नाही. मी वाचलेल्यांपैकी एकाही पॉलिसीत तो निवडलेला नव्हता. कोणी विचारलंच नव्हतं.

आरोग्य विम्याकडे पुन्हा येते, कारण खरी होरपळ तिथे होते.

इथे खर्च कमी करण्याचा सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे लहान खर्च आपण सोसायचा आणि मोठा खर्च कंपनीवर टाकायचा. सुपर टॉप-अप नावाची पॉलिसी हेच करते. समजा तुमची मूळ पॉलिसी पाच लाखांची आहे. वीस लाखांची दुसरी मूळ पॉलिसी घेण्याऐवजी, वर्षभरातला एकूण खर्च पाच लाखांच्या वर गेला तरच सुरू होणारा वीस लाखांचा सुपर टॉप-अप घेतला, तर हप्ता खूपच कमी बसतो, कारण पाच लाखांच्या वर जाणारी आजारपणं थोडी असतात. साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत मात्र गल्लत करू नका. साध्यामध्ये प्रत्येक वेळच्या बिलाने वेगवेगळी मर्यादा ओलांडावी लागते, सुपरमध्ये वर्षाची बेरीज धरतात. चार-चार लाखांची दोन आजारपणं आली, तर साध्या टॉप-अपमध्ये दमडी मिळणार नाही, सुपरमध्ये तीन लाख मिळतील.

आईवडिलांना आपल्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे अख्ख्या घरात मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीत, घालू नये, कारण त्यात हप्ता सहसा घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो आणि त्यांच्या एका आजारपणात नातवंडांच्या वाट्याची रक्कमही संपते. नोकरीतल्या कंपनीच्या विम्यावर विसंबून पन्नाशी गाठू नये. नोकरी सुटते त्या दिवशी तो संपतो, आणि त्या वयात मधुमेह-रक्तदाबासह नवी पॉलिसी घेताना जे ऐकावं लागतं ते मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे.

रक्तदाबावरून एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. "बीपीची गोळी लिहू नका, उगाच हप्ता वाढेल," असं सांगणारा एजंट तुमचा हितचिंतक नाही. वर्षाला दोन-तीन हजार वाचतात आणि क्लेमच्या वेळी रुग्णालयाच्या केसपेपरवर डॉक्टर लिहितात, 'रक्तदाब सहा वर्षांपासून'. तिथे सगळं संपतं. आजार सांगितला, तर १ एप्रिल २०२४पासूनच्या नियमांप्रमाणे आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. जीवन विम्यात, विमा कायद्याच्या ४५व्या कलमानुसार, तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर प्रश्न उभा करता येत नाही. हा कालावधी खंड न पाडता मोजला जातो. म्हणून हप्त्याची तारीख चुकवणं हे सगळ्यात महागात पडणारं दुर्लक्ष आहे.

सरकारी योजनेचा विचार केल्याशिवाय खासगी विम्याचा आकार ठरवू नये. राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. २०२४पासून ती पांढऱ्या शिधापत्रिकेसह सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना खुली झाली आहे आणि संरक्षण वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचं आहे. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न काहीही असो, ऑक्टोबर २०२४च्या अखेरपासून आयुष्मान भारतखाली स्वतंत्र पाच लाख मिळतात. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६पासून आहे, मोठ्या कुटुंबाला चार लाख, लहान कुटुंबाला अडीच. अडचण एवढीच, की यादीतलं रुग्णालय आणि यादीतला उपचार, दोन्ही जुळावे लागतात. म्हणून आपल्या तालुक्यातलं आणि जवळच्या मोठ्या गावातलं कोणतं रुग्णालय यादीत आहे, हे तब्येत चांगली असताना बघून ठेवावं. रुग्णवाहिकेत बसल्यावर ते सुचत नाही.

वाहन विम्याबद्दल थोडक्यात. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं, तिथे घासाघीस होत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून तीन हजारांच्या पोच्यासाठी क्लेम करणं परवडत नाही. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना त्याचं प्रमाणपत्र घ्या, नव्या गाडीला लावता येतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

२२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. वीस हजारांच्या हप्त्यावर ३६०० रुपये वाचले. चांगला निर्णय आहे, उशिरा झालेला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागेल, असंही जानेवारी २०२५मध्ये ठरलं. पण हप्ता कितीही उतरवला तरी क्लेमच्या खिडकीवर निम्मे पैसे परत जात असतील, तर विमा महागच राहिला. नियामकाच्या २०२३-२४च्या वार्षिक अहवालात आरोग्य विम्याचे जे दावे आले त्यांपैकी रकमेच्या हिशेबाने सुमारे ७१ टक्के चुकते झाले. उरलेल्यांत काही पुढच्या वर्षात गेले, पण मोठा भाग नाकारला किंवा अटींवर बोट ठेवून कापला गेला. या अटींवर ग्राहकाची सही होती. प्रश्न असा आहे, की त्या त्याला कळलेल्या होत्या का.

नियमाने यावर अर्धा उपाय दिला आहे. १ जानेवारी २०२४पासून प्रत्येक आरोग्य पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक द्यावं लागतं. सोप्या शब्दांत, तक्त्यात : विमा रक्कम किती, काय मिळेल, काय मिळणार नाही, किती दिवस थांबायचं, कुठे मर्यादा आहे, तक्रार कुठे करायची. आणि ग्राहकाने मागितलं तर हे पत्रक त्याच्या भाषेत द्यायचं बंधन कंपनीवर आहे. अडलंय ते 'मागितलं तर' या दोन शब्दांत. ज्याला आपला हक्क माहीत नाही तो मागणार कसा? माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्रात विकलेल्या प्रत्येक पॉलिसीचं माहिती पत्रक आधी मराठीत मिळावं, आणि ज्याला इंग्रजीत हवं त्याने मागावं.

यावर कंपन्यांतली माणसं सांगतात, की भाषांतरात अर्थ बदलतो, कोर्टात वाद होतात. वाद आजही होतातच, फक्त एका बाजूला करार वाचता येत नाही. इंग्रजी मजकूर अंतिम राहू द्या, पण मराठी पत्रकात एखादी अट लिहिलीच नसेल तर तिचा फायदा कंपनीला मिळू नये, एवढं नियमात घाला. बँकेत पैसे भरायची स्लिप मराठीत मिळते, वीजबिल मराठीत येतं, शेअर बाजाराच्या जोखमीच्या सूचना मराठी वर्तमानपत्रांत छापून येतात. मग विम्यालाच काय अडचण आहे?

दुसरं उत्तर मला जास्त टोचतं : "मराठीत दिलं तरी लोक वाचत नाहीत." आमच्या शाळेतल्या मावशी सातवी शिकलेल्या. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने त्यांच्यासाठी पॉलिसी घ्यायचं ठरवलं तेव्हा मी कंपनीला ईमेल करून मराठी पत्रक मागवून घेतलं. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी बसून, ओळीखाली बोट फिरवत मावशींनी ते वाचलं. एका ठिकाणी बोट थांबलं. "मॅडम, गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन वर्षं थांबायचं म्हणजे हप्ता पण भरायचा आणि थांबायचं पण?" मी हो म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आत्ताच घेतलेली बरी. पुढच्या वर्षी घेतली तर आणखी एक वर्ष जाईल." विमा लवकर का घ्यावा, हे इतक्या थोडक्यात मला कोणा जाणकारानेही सांगितलेलं नव्हतं. पत्रक समोर होतं म्हणून त्यांना ते स्वतःचं स्वतः उमगलं.

पॉलिसी हातात आल्यावर नापसंत असेल तर परत करायला तीस दिवस मिळतात. हे तीस दिवस वाचनासाठी आहेत. डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी आणि उशीर झाल्यास रुग्णालयाने लावलेला जास्तीचा खर्च कंपनीने सोसावा, असा मे २०२४चा नियम आहे. कंपनीने तीस दिवसांत तक्रार सोडवली नाही तर विमा लोकपाल आहे, पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतचे वाद, फी नाही, वकील लागत नाही, निवाडा कंपनीवर बंधनकारक. हे सगळं कागदावर उत्तम आहे. पण ज्याच्या हातात फक्त इंग्रजी पुस्तिका आणि पेन्सिलीच्या फुल्या आहेत, त्याच्यापर्यंत यातलं काहीही पोचत नाही.

आणि रुग्णालयांचं काय, असं कोणी विचारेल तर तेही बरोबर आहे. बिलं फुगतात म्हणून हप्ते फुगतात. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१च्या सुधारित नियमांनी दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलं आहे. तुम्ही शेवटचं कधी पाहिलं होतं? तसंच, विमा कंपनीने जमा केलेल्या एकूण हप्त्यातला किती भाग व्यवस्थापनावर आणि कमिशनवर खर्चावा, याची २०२३मध्ये ठरलेली कमाल मर्यादा सर्वसाधारण विमा कंपन्यांना ३० टक्के आणि फक्त आरोग्य विमा विकणाऱ्यांना ३५ टक्के आहे. शंभरातले पस्तीस रुपये. तेवढ्या पैशांत मराठीतलं एक पत्रक छापणं आणि ते समजावून सांगणं जमत नाही, हे मी मान्य करणार नाही.

त्या छापील निवेदनाचंही काहीतरी करायला हवं. अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावलं असं ज्याने लिहून दिलं, त्याचं नाव, मोबाइल आणि एजंट असेल तर परवाना क्रमांक ग्राहकाच्या प्रतीवर ठळक छापला जावा. क्लेमच्या वादात त्याला बोलावता यावं. आज ती सही कोणाचीही असू शकते.

२०२४मध्ये आम्ही आईची पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेली. नूतनीकरणाच्या पंचेचाळीस दिवस आधी अर्ज केला, त्यामुळे भरलेली वर्षं वाया गेली नाहीत. जुन्या तीन लाखांपुरता आधीच थांबलेला काळ हिशेबात धरला गेला. आईचा रक्तदाब लिहिला, त्यासाठी हप्ता थोडा वाढला. खोलीभाड्याला मर्यादा नाही. फॉर्म घेऊन आलेला मुलगा तरुण होता, नवीन होता. त्यानेही पेन्सिलीने फुल्या करायला सुरुवात केली. अण्णांनी चष्मा लावला, ते छापील निवेदन शोधून काढलं आणि त्यावर बोट ठेवून म्हणाले, "आधी इथे तुमचं नाव आणि नंबर लिहा, मग मी सही करतो." मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्याने आपलं नाव लिहिलं, परवान्याचा नंबर लिहिला, खुर्ची अण्णांच्या जवळ ओढली आणि पहिल्या पानापासून वाचून सांगायला लागला.